तारा नव्या, चेनप्लेट जुन्याच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. इंजिन, शिडं, तळावरचे फोड, कागदपत्रं या सगळ्याबद्दल त्यात बरंच काही आहे. शेवटच्या चौकटीत 'तारा जुन्या असतील तर बदलून घ्या' असा सल्लाही आहे. सल्ला बरोबर, पण अर्धाच. डोलकाठी ताणून उभी धरणारी तार ज्या पोलादी पट्टीला अडकवलेली असते, त्या चेनप्लेटचं लेखात नावही नाही. तार डोळ्यांसमोर असते म्हणून बदलली जाते. चेनप्लेट डेकच्या फटीतून खाली उतरते आणि केबिनमधल्या कपाटामागे गडप होते, म्हणून तीस-चाळीस वर्षं तशीच राहते.

डोलकाठी पडली की पहिलं बोट वाऱ्याकडे जातं. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात कमांडर अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' या शिडाच्या बोटीची डोलकाठी गेली, तिथे वादळाला दोष देणं रास्तच होतं. पण मुंबई बंदरात, पंधरा नॉटच्या साध्या वाऱ्यात, सपाट पाण्यावर काठी आडवी झाली तर दोष वाऱ्याचा नसतो. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहावा. तीन-चतुर्थांश छेद काळा-तपकिरी असतो आणि उरलेला चकचकीत. काळा भाग कित्येक महिने आधीच तुटलेला असतो. त्या दिवशी तुटतो तो फक्त चकचकीत भाग.

याचं कारण स्टेनलेस स्टीलच्या स्वभावातच आहे. ते गंजत नाही ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. हा थर ओरखडला तर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा धरतो. पण डेकच्या फटीत, जुन्या सीलंटच्या मागे, खारं पाणी साचून राहतं आणि ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे क्लोराइड थर फोडतं, तो पुन्हा धरत नाही, आणि धातू आतल्या आत टोचल्यासारखा खाल्ला जातो. त्यामुळे पट्टी डेकच्या वर लखलखीत, केबिनमध्येही लखलखीत, आणि मधल्या दोन इंचांत भोकंभोकं, अशी असते. वरून पॉलिश करून 'एकदम नवी' म्हणून दाखवलेल्या बोटीत तर हे हमखास पाहावं.

मुंबई बंदरात दिसणारी जे-२४ उदाहरणाला घेऊ. १९७७ पासून जगभर पाच हजारांहून अधिक बनलेली ही चोवीस फुटी बोट. तिच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन सालींमध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचा गाभा आहे, आणि चेनप्लेट डेकमधून खाली येऊन प्लायवुडच्या बल्कहेडला, म्हणजे बोटीच्या आडभिंतीला, बोल्टांनी धरलेली आहे. फटीचं सीलंट सुटलं की पाणी आधी बाल्सात शिरतं, मग पट्टीवरून ओघळत प्लायच्या वरच्या कडेत मुरतं. प्लायची कड स्पंजासारखं पाणी ओढते. एकाच गळतीने डेक, भिंत आणि पोलाद असे तीन बळी जातात, आणि केबिनमध्ये दिसतो तो व्हेनियरवरचा चहाच्या डागासारखा एक ओघळ.

तपासायला पट्टी काढावीच लागते; जागेवर ठेवून तपासणं म्हणजे मोजा न काढता पाय बघणं. डोलकाठी उतरवलेली असेल तर प्रश्नच नाही. उभी असेल तर एका वेळी एकच पट्टी काढावी, वारा पडलेल्या सकाळी, आणि त्या बाजूला एखादा मोकळा हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, कणखर क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) ताणून बांधावा. स्टँचिअनला, म्हणजे डेकच्या कठड्याच्या खांबाला, बांधू नये, तो माणसाला आधार द्यायला असतो, काठीला नव्हे. टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा आट्यांचा जोड, सोडण्याआधी दोन्हीकडचे आटे मोजून टेपवर लिहून ठेवावेत. जोडताना पुन्हा तिथूनच सुरुवात करता येते. बोल्ट हातोडीने हळू ठोकून बाहेर काढावेत. एखादा मध्येच तुटेल, आणि तो तुटणं हेच तपासणीचं पहिलं उत्तर. बाहेर आलेल्या बोल्टचं डोकं आणि आटे चांगले दिसतात. बघायची असते ती मधली, लाकडात बसलेली दांडी. ती कमरेसारखी बारीक झालेली असते.

पट्टी स्वच्छ करून डाय पेनिट्रंट लावावं. याचे तीन स्प्रे मिळतात: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. लाल रंग मारून पंधरा मिनिटं थांबायचं, फडक्याने पुसायचं, मग डेव्हलपर. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल केस उमटतो. पिनच्या भोकाभोवती, सगळ्यात वरच्या बोल्टच्या भोकाशी आणि डेकच्या रेषेवर जास्त बारकाईने पाहावं. लाल केस दिसला की पट्टी भंगारात. वेल्डिंगने भेग बुजवणारे कारागीर मिळतात, पण वेल्डच्या शेजारचा धातू आधीपेक्षा लवकर गंजायला लागतो.

आता थोडं गणित, कारण 'जाड पट्टी लावली की झालं' हा गैरसमज गणिताशिवाय जात नाही. १×१९ विणीची (एकोणीस धाग्यांची), ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची ६ मिमी तार साधारण २,९०० किलोला तुटते. ५ मिमीची साधारण २,००० किलोला. चेनप्लेट तारेहून मजबूत हवी, कारण तार तुटणं परवडतं, पाया उखडणं परवडत नाही. ४० मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टीत १३ मिमीचं भोक पाडलं की उरतात २७ गुणिले ६, म्हणजे १६२ चौरस मिलिमीटर. ३१६ चं स्टील दर चौरस मिलिमीटरला साधारण २०५ न्यूटनला कायमचं ताणलं जायला लागतं. म्हणजे एकूण सुमारे ३३,२०० न्यूटन, किलोत जवळजवळ ३,४००. ६ मिमी तारेला ही पट्टी पुरते. हीच पट्टी डेकच्या रेषेवर अर्धी खाल्ली गेली तर तिथे १२० चौरस मिलिमीटर उरतात आणि हिशेब २,५०० किलोवर येतो, तारेच्या खाली. आणि हा एकाच ओढीचा हिशेब झाला. प्रत्येक टॅकला, म्हणजे बोट वाऱ्याची बाजू बदलते तेव्हा, एका बाजूची तार ताणते आणि दुसरी सैल पडते. हजारो वेळा असं झालं की भेग याहून फार कमी भारावर वाढत राहते.

भिंतीकडे वळलं की चित्र बदलतं. १८ मिमी प्लायमध्ये १० मिमीचा बोल्ट लाकडाला दाबतो तो १८० चौरस मिलिमीटरवर. सहा बोल्टांचे झाले १,०८०. त्यावर २,९०० किलो म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २.७ किलो. कोरड्या, चांगल्या प्लायलाही हे जेमतेम झेपतं. कुजलेल्याला मुळीच नाही. मग भोकं वरच्या दिशेने लांबोडी होतात आणि पट्टी वर सरकते. तार सैल वाटते म्हणून मालक टर्नबकल आणखी आवळतो. वर्षभरात टर्नबकलचे आटे संपत आले असतील तर दोष तारेत नाही, भिंतीत आहे. अशा भिंतीवर ६ ऐवजी १० मिमीची पट्टी लावली तर ती जाड पट्टीही तेवढ्याच सहजतेने उखडते.

लाकूड तपासायला ओलावा मोजण्याचं यंत्र नसलं तरी चालतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. टणक आवाज बसका झाला तिथे टोचा घालावा. टोचा सहज आत गेला आणि बाहेर येताना काळपट ओलं भुसकट घेऊन आला तर प्लाय गेलं. तिथे पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) पाजून लाकूड 'पक्कं करण्याची' युक्ती फार लोकप्रिय आहे, आणि फार फसवी. ओल्या लाकडात इपॉक्सी दोन-चार मिलिमीटरच शिरतं. वर कवच धरतं, आत चिखल राहतो. कुजलेलं कापून टाकायचं, आणि ते दिसतं त्याच्याही पुढे निदान १०० मिमी.

नवा तुकडा आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचा हवा. जुन्या-नव्याचा जोड सरळ कापून समोरासमोर भिडवू नये. दोन्ही कडा एकास आठ उताराने तासाव्यात, म्हणजे १८ मिमी प्लायला साधारण १५० मिमीचा उतार. इपॉक्सीने जोडून क्लॅम्पने हलकेच धरावं. फार आवळलं तर सगळं इपॉक्सी पिळून बाहेर येतं. मग बोल्टांच्या भागावर दोन्ही बाजूंनी ६ मिमी जी-१० शीटचे पट्टे चिकटवावेत, बोल्टांच्या बाहेर चहूकडे ७५ मिमी जातील एवढे. वीज इन्सुलेशनचा माल विकणाऱ्या दुकानात ही शीट 'इपॉक्सी ग्लास शीट' म्हणून मिळते, हिरवट किंवा पिवळसर. तपकिरी हायलम देऊ केलं तर घेऊ नये, ते कागदाचं असतं. शीटचा चकचकीत पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण मॅट केल्याशिवाय त्याला काहीही धरत नाही.

हे सगळं करूनही भिंत बोटीच्या कवचाला नीट धरलेली नसेल तर भार तिथेच अडतो. आमच्या मते खरी मजबुती इथे आहे, आणि नेमकी इथेच हयगय होते, कारण काम घाणीचं आहे आणि दिसत नाही. कवचावरचा आणि भिंतीवरचा रंग ग्राइंडरने उघड्या काचेपर्यंत, म्हणजे फायबरग्लासपर्यंत, जोडापासून १७५ मिमी काढायचा. काचेची धूळ फुप्फुसातून परत येत नाही, म्हणून तोंडाला फडकं नव्हे, फिल्टरचा मास्क. मग घट्ट इपॉक्सीने कोपऱ्यात २० मिमी त्रिज्येची गोलाई भरायची. त्यावर ६०० ग्रॅम बायअ‍ॅक्सिअल (दोन दिशांचे धागे शिवून धरलेल्या) काच-कापडाचे चार थर, प्रत्येक बाजूला ७५, १००, १२५ आणि १५० मिमी जातील असे, अरुंद ते रुंद. सगळे थर एकाच जागी संपले तर त्या रेषेवर कवच कडक-मऊ होतं आणि तिथेच पुढे केसाएवढी भेग पडते. ६० सेंमी लांबीच्या जोडाला, भिंतीच्या दोन्ही बाजू धरून, साधारण १.१ चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे ६५० ग्रॅम काच. तेवढंच इपॉक्सीचं मिश्रण, गोलाईचं आणि वाया जाणारं धरून सव्वा किलो. एका वेळी २०० ग्रॅमच मिसळावं आणि पसरट ट्रेमध्ये ओतावं. आपल्याकडच्या बत्तीस डिग्रीत उभ्या डब्यातलं इपॉक्सी दहा-पंधरा मिनिटांत धुरायला लागतं.

इथे गल्लीतले फायबरवाले जीपी रेझिन, म्हणजे पॉलिस्टर, आणि ४५० ग्रॅमची काचेची मॅट घेऊन येतील. पाण्याच्या टाक्यांना ते ठीक आहे. मुरलेल्या जुन्या काचेवर पॉलिस्टरची नवी पकड इपॉक्सीच्या मानाने कमजोर असते. आणि सुट्या धाग्यांच्या मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही, म्हणून ती मॅट इपॉक्सीत ताठ राहते आणि कोपऱ्यात नीट बसत नाही. शिवलेलंच कापड घ्यावं.

डेकच्या फटीभोवतीचा बाल्सा २५ मिमी आतपर्यंत कोरून काढावा. ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा धरून फिरवला की तो दोन सालींमधून सुबक निघतो. ओला असेल तर कालच्या पावासारखा गोळे होऊन येतो. पोकळी पूर्ण सुकू द्यावी, खालून टेप लावावी, वरून घट्ट इपॉक्सी भरावं आणि ते पिकल्यावर नवी फट कापावी, पट्टीच्या चहूबाजूंना २ ते ३ मिमी मोकळीक ठेवून. ही मोकळीक विसरली की सीलंट उरतं कागदाएवढं पातळ. भाराखाली पट्टी आणि डेक वेगवेगळे हलतात. तेवढं हलणं जाड सीलंट ताणून सोसतं, पातळ फाटतं. फटीच्या वरच्या कडेला खाच तासावी, त्यात ब्यूटिल टेपची वळी दाबून बसवावी आणि वर झाकणपट्टी. सिलिकोन लावू नये, एकदा लागलेल्या जागेवर पुढे दुसरं काही चिकटत नाही. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेनही नको, कारण दहा वर्षांनी ही पट्टी पुन्हा काढायची आहे.

पट्टीचं स्टील घेताना दुकानदाराकडून मिल टेस्ट सर्टिफिकेट मागावं. ३०४ आणि ३१६ लोहचुंबकाने ओळखू येत नाहीत. फरक आहे ३१६ मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा, आणि तो ओळखायला थेंबाची मॉली टेस्ट करावी लागते. कापणी वॉटरजेट किंवा लेझरने, गॅसने नाही. पिनच्या भोकाचं केंद्र वरच्या कडेपासून निदान २० मिमी. भोक ड्रिल केलेलं हवं, पंच केलेलं नको. सगळ्या कडा गोल आणि पृष्ठभाग आरशासारखा, कारण गंजाचा खड्डा ओरखड्यातच धरतो. पट्टीचा कल तारेच्या रेषेत हवा. पाच-सात अंशांचा फरक राहिला तर पट्टी डेकच्या रेषेवर रोज थोडी वाकते आणि सरळ होते, आणि वायर वाकवून वाकवून तोडतात तशी एके दिवशी तुटते. जुनी पट्टी नमुना म्हणून देताना ती सरळ होती की नाही हे आधी बघावं. ज्यांना परवडेल त्यांनी टायटेनियम घ्यावं. समुद्राच्या पाण्यात ते फटीत गंजत नाही.

बोल्टांसाठी भिंतीत आधी १६ मिमी भोकं पाडून घट्ट इपॉक्सीने भरावीत आणि मग त्यांच्या मधोमध १० मिमी. म्हणजे बोल्ट लाकडाला कधी शिवत नाही आणि पाणी आलंच तरी प्लायला पोहोचत नाही. १८ प्लाय, १२ जी-१०, ६ ची पट्टी आणि मागे ४ मिमी स्टेनलेस बॅकिंग (नटांखालची आधारपट्टी) मिळून ४० मिमी होतात, म्हणून एम १० × ६० चा बोल्ट, ए४ मार्कचा, म्हणजे ३१६ च्या जातीचा, आणि हाफ थ्रेड. फुल थ्रेडचे आटे करवतीसारखे भोक खातात. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर जोरात फिरवला तर तापून वेल्ड झाल्यासारखा अडकतो. अँटी-सीझ ग्रीस लावून, पान्याने, सावकाश.

वेळेचाही प्रश्न आहे. मुंबईत बोटी पावसाळ्यात वर काढतात आणि सगळी दुरुस्ती जून ते सप्टेंबरच्या रिकाम्या महिन्यांत टाकतात. तोच काळ इपॉक्सीला सगळ्यात वाईट. दमट हवेत वर मेणचट थर येतो आणि त्यावर टाकलेला पुढचा थर सोलून निघतो. थर आलाच तर अ‍ॅसिटोनने पुसू नये, तो नुसता पसरतो. साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवावं, कोरडं करावं, मग पॉलिश पेपर मारावा. शहाणपण हे की पट्ट्या एप्रिलमध्येच काढाव्यात, चिकटवण्याचं काम मेमध्ये संपवावं, आणि पावसाळा नवी पट्टी बनवून घेण्यात आणि पॉलिशमध्ये घालवावा. नारळी पौर्णिमेच्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही.

काही जुन्या बोटींत पोलादी पट्टी कवचाच्या काचेतच गाडलेली असते. ती काढताही येत नाही आणि तपासताही. तिच्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा कवचाच्या बाहेरून नवी पट्टी लावावी, आतून ६०० च्या कापडाचे आठ थर, म्हणजे साधारण ६ मिमी, वाढवून आणि मागे बॅकिंग देऊन. डेकला भोक नाही, गळती नाही, आणि पट्टी कायम नजरेसमोर. पुढचं शीड थोडं बाहेरून ओढावं लागतं, वाऱ्याच्या दिशेकडे चढताना बोटीचा कोन दोन-तीन अंशांनी बिघडतो. शर्यत खेळणाऱ्यांना हे चालणार नाही. जे-२४ वाल्यांना तर त्या बोटीच्या शर्यतींच्या नियमांतच बसणार नाही. मांडवा-अलिबाग करणाऱ्यांना ते अंश कुठे लागतात!

बॅकस्टेची, म्हणजे डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेची, पट्टी मागच्या आडव्या फळीवर असते आणि तिच्या आतल्या बाजूला पोहोचायला लॉकरमध्ये पोटावर सरकावं लागतं, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी तपासली जाते किंवा तपासलीच जात नाही. नियम सारेच तिलाही लागू.

जोडणी झाल्यावर डेकवर दहा मिनिटं पाण्याचा पाइप सोडून एकाने खाली टॉर्च घेऊन बसावं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर नट पुन्हा तपासावेत आणि टर्नबकलवरचे उरलेले आटे टेपवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत.

पुरवणीतली चौकट पुन्हा छापणार असाल तर 'तारा' या ओळीच्या वर एक ओळ वाढवावी ही विनंती: चेनप्लेट काढून पाहिली का? आणि विकणारा काढू देत नसेल, तर चार नव्या पट्ट्या, दोन्ही बाजूंचं प्लाय आणि महिनाभराची मजुरी किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.

आपले,
जुन्या नौकांच्या दुरुस्तीत असलेले काही वाचक,
मुंबई